नाव घालणे आणि नाव काढणे

वर्तमानपत्र नको असेल तर महिनाअखेरीस पेपरवाल्याला तसे सांगावे. एक तारखेपासून तो दारात थांबत नाही. ई-मेलच्या टपालयाद्यांचा व्यवहार इतका सरळ राहिलेला नाही. वास्तविक, तो सरळ व्हावा म्हणूनच या याद्या यंत्राकडे सोपविण्यात आल्या होत्या.

बिटनेट या विद्यापीठांच्या संगणकजाळ्यावर प्रारंभी अशा याद्या माणसे सांभाळीत. नाव घालावयाचे वा काढावयाचे, तर कर्मचाऱ्याला विनंती करून त्याच्या सवडीची वाट पाहावी लागे. पॅरिसमधील एरिक थॉमस या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये ‘लिस्टसर्व्ह’ हा प्रोग्रॅम लिहून हा मध्यस्थच दूर केला. एका ओळीच्या आज्ञेने नाव दाखल होई, दुसऱ्या ओळीने ते निघे. नाव कायम ठेवून सुटीपुरते टपाल थांबविण्याची, किंवा दिवसभराची पत्रे एकाच गठ्ठ्यात मागविण्याची सोयही पुढे झाली.

सदस्यांनी मात्र ही मुखत्यारी फारशी मनावर घेतली नाही. अशा यादीला दोन पत्ते असतात. एक सर्व सदस्यांसाठी, दुसरा केवळ यंत्रासाठी. ‘माझे नाव काढा’ ही विनंती पहिल्या पत्त्यावर गेली, की ती यंत्राऐवजी शेकडो सहसदस्यांना पोचते. मग आणखी काहीजण तीच विनंती तेथेच करतात, काही रागावून ‘सर्वांना उत्तरे पाठवू नका’ असे सर्वांनाच कळवितात! प्राध्यापकमंडळींच्या याद्याही याला अपवाद नाहीत. कोणी महाविद्यालयाच्या पत्त्यावरून नाव घालतो, घरच्या पत्त्यावरून काढू पाहतो. यंत्र पत्ता ओळखते, माणूस नव्हे. नाव काढण्याची रीत सहसा पहिल्याच स्वागतपत्रात दिलेली असते. ते जपून ठेवण्याइतकी तसदी तरी सदस्याने घ्यावयास हवी.

तथापि, सारा दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. व्यापारी याद्यांत शिरण्याचे बटण ठळक, रंगीत. बाहेर पडण्याची वाट मात्र तळाशी, फिकट अक्षरांत. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने नकार मिळाल्यावर टपाल थांबविण्यास कामकाजाचे दहा दिवस दिले. संगणकाला क्षणभराच्या कामासाठी ही मुदत म्हणजे औदार्यच! गुगल आणि याहू यांनी २०२४ पासून जाहिरातींचे घाऊक टपाल धाडणाऱ्यांवर एका टिचकीत नाव काढण्याची सोय ठेवण्याचे आणि दोन दिवसांत ते काढण्याचे बंधन घातले. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. प्रश्न आहे तो कसोशीने अंमल करण्याचा.

तोपर्यंत अनेकजण सरसकट ‘स्पॅम’चे बटण दाबून मोकळे होतात. अनोळखी प्रेषकाच्या बाबतीत तेच योग्य. तेथे नाव काढण्याच्या दुव्यालाही हात लावू नये. पण विद्यार्थ्याने आपण होऊन घेतलेले विद्यापीठाचे टपाल असे ढकलून दिले, तर उद्या परीक्षेच्या बदललेल्या तारखेची सूचनाही त्याच ढिगात जाऊन पडण्याचा संभव असतो.