टाकीचं वतन

धाराशिव जिल्ह्यात गावोगाव संडास झाले. 12 हजारांचं अनुदान आलं, टाकी बांधली, वर स्लॅब टाकला, फोटो काढला. स्लॅबखाली काय चाललंय हे कुणी विचारीत नाही. आम्ही विचारतोय. कारण टाकी भरली की हाक आपल्याच वस्तीला येते.

आधी टाकी समजून घ्या, दोस्तांनो. सेप्टिक टँक म्हणजे मैल्याचा हौद नव्हे. ती न झिरपणारी, दोन खणांची पेटी. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी पुढं जातं. ते पाणीसुद्धा घाणच. ते शोषखड्ड्यात गेलं पाहिजे. आपल्याकडं सर्रास नालीत सोडतात. नाली कुणाच्या दारावरून वाहते ते सांगायला नको. त्यात आपली काळी माती भिजली की फुगते, पाणी पीत नाही. म्हणून शोषखड्डाही जागा बघूनच खणावा लागतो.

आता सुधारलेल्या टाक्या निघाल्यात. आत हवा फुंकून जिवाणू पोसणाऱ्या. जपानमध्ये असल्या घरगुती यंत्रणेला 'जोकासो' म्हणतात. 1983 च्या कायद्यानं तिची नेमानं तपासणी आणि गाळउपसा मालकावर बंधनकारक आहे. नागपूरच्या 'नीरी'नं झाडांच्या मुळांतून सांडपाणी गाळणारी 'फायटोरिड' पद्धत काढली. ते पाणी झाडांना देता येतं. दुष्काळी धाराशिवला हे पाहिजेच. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत. पण टाकी कितीही शहाणी असू द्या, तळाशी गाळ उरतोच. तो कोण काढणार? जपाननं हे कायद्यात लिहिलं. आपल्याकडं ते जातीत लिहिलंय.

परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, मे 2023 मध्ये टाकी साफ करताना पाच मजूर मेले. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास नाही म्हणून माणूस पाय टाकतो अन् तिथंच आडवा होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

आम्ही गोदीतली माणसं. जहाजाच्या बंद पोटात उतरायचं तर आधी झाकण उघडून हवा खेळवायची, मीटर सोडून बघायचं, मग माणूस, असा नियम आहे. जहाजाला जो नियम तो वाड्याच्या संडासाला का नाही?

आहे. 2013 च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं मरणाऱ्याच्या वारसांना 30 लाख द्यायला सांगितले. मेल्यावर तीस लाख. जित्याला दिवसाचे किती?

आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतन म्हणजे जन्मासोबत गळ्यात बांधलेलं गावकाम. 1958 च्या कायद्यानं ती वतनं मोडली. मग हे टाकीचं वतन कुणी दिलं? सनद नाही, कागद नाही, तरी हाक येतेच.

ती बंद करता येते. वाई नगरपालिकेनं 2018 मध्ये टँकर लावून पाळीपाळीनं टाक्या उपसायला आणि गाळावर प्रक्रिया करायला सुरुवात केली. वाईला जमतं ते धाराशिवला, तुळजापूरला, उमरग्याला का जमू नये? खेड्यात दोन खड्ड्यांचा संडास बांधा: एक भरला की दुसरा चालू, पहिला एक-दोन वर्षं बंद राहिला की मैल्याचं खत होतं. 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः असल्या खड्ड्यात उतरले. साहेब उतरला ती बातमी. आपला उतरला ती मजुरी.

मुंबई-पुण्यातून गावी घरासाठी पैसे पाठवणाऱ्या पोरांनो, गवंड्याला आधी विचारा: झाकण कुठंय? टँकर पोचंल का? पाणी कुठं जाणार? आणि वस्तीत हाक आली तर उत्तर एकच ठेवा. टाकी तुमची, गाळ तुमचा. यंत्र आणा. माणूस मिळणार नाही.