उपयोग काय?

मंडळी, मागच्या महिन्यात घरातल्या एका साखरपुड्याला पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, पंगतीत शेजारी बसली होती. ती पदार्थविज्ञानात संशोधन करते. "अँटिफेरोमॅग्नेटवर दाब दिला की काय होतं, ते बघते," एवढं ती म्हणाली आणि समोरचे चौघे एका सुरात म्हणाले, "पण त्याचा उपयोग काय?" पोर ओशाळली, मान खाली घालून मठ्ठा पीत राहिली. मीही गप्प बसलो. त्याची टोचणी लागली म्हणून हे लिहितोय. त्या चौघांतले दोघे हे वाचतात. रागावू नका, पण वाचा.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला भाषेचा मास्तर. नातीकडे दोन रविवार शिकवणी लावली. कळलं ते असं. साध्या लोहचुंबकात सगळे अणुरूपी चुंबक एकाच दिशेला तोंड करतात. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये प्रत्येकाचं तोंड शेजाऱ्याच्या उलट. शिस्त पक्की, पण बेरीज शून्य. तापवलं की ही शिस्त मोडते. मात्र उणे २७३ अंशांजवळ, जिथे उष्णता जवळजवळ उरतच नाही, तिथेही नुसत्या दाबानं शिस्त आणता येते किंवा मोडता येते. हे काम उष्णतेचं नाही, क्वांटम नियमांचं. म्हणून नाव क्वांटम अवस्थांतर.

थॅलियम कॉपर क्लोराइडमध्ये तांब्याचे अणू जोड्या करून आपापल्यातच गुंतलेले. कितीही थंड करा, शिस्त नाही. हवेच्या दाबाच्या हजारपट, म्हणजे सुमारे १ किलोबार दाब दिला की शिस्त येते. क्रिस्टियान रुएग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हा बदल न्यूट्रॉन वापरून टिपला. सेरियम, पॅलेडियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगात नेमकं उलटं. तिथे थंडीत शिस्त आधीच असते, ती सुमारे २८ किलोबारला नाहीशी होते. आणि ती संपते त्याच जागी पदार्थ अतिसंवाहक होतो, विजेला रोधच उरत नाही! केंब्रिजच्या गटानं हे १९९८ साली जाहीर केलं.

आता सांगा, हे उपयोगाची यादी हातात घेऊन कुणाला शोधता आलं असतं? दाब तोच, एकीकडे शिस्त घडवतो, दुसरीकडे मोडतो. करून पाहिल्याशिवाय कळायचं कसं?

अँटिफेरोमॅग्नेटचा सिद्धांत मांडणारे लुई नेएल यांना १९७० साली नोबेल मिळालं. त्या भाषणात ते स्वतःच म्हणाले होते की, हे पदार्थ सैद्धांतिकदृष्ट्या फार रंजक आहेत, पण उपयोग काही दिसत नाही. पुढे १९९०च्या दशकात हार्ड डिस्क वाचणाऱ्या भागात अँटिफेरोमॅग्नेटचा पातळ थर बसला, शेजारच्या चुंबकाची दिशा पक्की धरून ठेवायला. साखरपुड्याचे फोटो तुम्ही हार्ड डिस्कवरच ठेवलेत ना? जिथे नेएलना दिसलं नाही, तिथे पंगतीतल्या आपल्याला जिलबी वाढून होईस्तोवर दिसणार होतं?

सरकारी पैशाचा हिशेब मागावा, जरूर मागावा. पण आधी काय कळलं ते विचारावं. आपला प्रश्न चौकशीचा नव्हताच, तोंड बंद करण्याचा होता.

हे मी कुठल्या तोंडानं बोलतोय? वर्गात शंका विचारणाऱ्याला "परीक्षेला येणार नाही, सोडून दे" म्हणून मी कित्येकदा खाली बसवलंय. त्यातलं एखादं पोर पुन्हा उठलंच नसेल.

असो. लग्नाला ती येणार आहे. या वेळी मी तिला विचारणार आहे, "पुढे काय झालं ग?" तुम्हीही शेजारी बसा.