खेळाला बोटं दिसत नाहीत

मुलांना टायपिंग शिकवणाऱ्या कम्प्युटर गेम्सवर माझा राग आहे. मुलांनी खेळूच नये असं म्हणणाऱ्या पंथातली मी नाही. उलट खेळ म्हणून त्यातले काही झकास आहेत. पण ते जे शिकवतो म्हणतात, ते शिकवत नाहीत. आणि जे थोडंफार शिकवतात, त्यात आपली भाषा दाराबाहेरच उभी असते.

कळांकडे न बघता टाइप करण्याचं कौतुक जुनं आहे. १८८८ साली अमेरिकेत सिनसिनाटीला टायपिंगची एक जाहीर स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन नावाच्या माणसाने कळांकडे न बघता, सगळी बोटं वापरून ती जिंकली आणि तेव्हापासून ही पद्धत गाजली. पुढे कम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत गेम्स. १९८७ साली 'मेव्हिस बीकन' आली. डब्यावरच्या फोटोतली ही बाई खरी शिक्षिका आहे असं कित्येकांना वाटायचं, प्रत्यक्षात ते कंपनीने रचलेलं पात्र होतं. १९९२ साली मारिओ टायपिंग शिकवू लागला. १९९९ साली सेगाने असा गेम काढला की अंगावर चालून येणारे झाँबी शब्द टाइप करून मारायचे. जपानमध्ये सरकत्या पट्ट्यावरून सुशीच्या बश्या जातात आणि बशी निसटायच्या आत शब्द टाइप करावा लागतो. कल्पना एकाहून एक.

आता वर्गात या. एका वाचनालयात मी चार वर्षं शनिवारी दुपारी सहावी-सातवीच्या मुलांना कम्प्युटर शिकवते. मुलं शाळेतून टायपिंगचे गेम शिकून आलेली असतात. आकाशातून अक्षरं पडतात, जमिनीवर टेकायच्या आत ती कळ दाबायची. एक मुलगा यात सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मागे जाऊन उभी राहिले तर तो फक्त दोन तर्जन्यांनी खेळत होता. मान खाली, डोळे कळांवर, कोंबडी दाणे टिपते तसा. गेमच्या लेखी तो पटाईत, कारण कोणती कळ दाबली गेली एवढंच गेमला कळतं. ती कोणत्या बोटाने दाबली आणि डोळे तेव्हा कुठे होते, हे त्याला दिसतच नाही. जे शिकवायचं तेच ज्याला दिसत नाही, तो शिक्षक कसला?

शिवाय बक्षीस कशाला मिळतं ते बघा. वेगाला. तारे, नाणी, पुढची पातळी, सगळं घड्याळाच्या काट्यावर. दहा बोटांनी टाइप करायला शिकताना मात्र सुरुवातीचे आठवडे हळूच जावं लागतं. करंगळी ऐकत नाही, चुका होतात, आधी दोन बोटांनी जेवढं पटापट जमत होतं तेवढंही जमत नाही. नेमक्या याच काळात गेम मुलाला हरवतो. मग मूल शहाणपणाने जिंकायचा रस्ता धरतं, म्हणजे पुन्हा दोन तर्जन्या. यात मुलाचा काहीही दोष नाही.

पण माझं खरं भांडण भाषेवरून आहे. इंग्रजी कीबोर्डची मधली ओळ आठवा. ए, एस, डी, एफ, पुढे जे, के, एल. बोटांचं घर ते हेच. त्या ओळीत स्वर एकच, 'ए'. त्यामुळे पहिले काही धडे म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांची जपमाळ, नाहीतर 'डॅड', 'सॅड', 'ग्लास' असे मोजके शब्द. मूल कंटाळणारच, म्हणून वर झाँबीचा मुलामा.

आता त्याच कीबोर्डवर इनस्क्रिप्ट चालू करा. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, १९९१च्या भारतीय मानकात असलेली. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत फुकट आहे, सेटिंगमध्ये जाऊन फक्त सुरू करायची. तिच्या मधल्या ओळीत डाव्या हाताला ओकार, एकार, हलन्त, इकार, उकार आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट. पहिल्याच दिवशी, बोटं घरातून न हलवता, माझ्या वर्गातल्या एका मुलीने वाक्य बनवलं: 'पोपट कुरकुरे टोचतो.' सगळा वर्ग खो खो हसला आणि मग वाक्यांची चढाओढ लागली. ना नाणी, ना तारे.

पुढची गंमत वर्णमालेची आहे. क दाबला तर क, शिफ्ट धरून दाबला तर ख. तसंच ग-घ, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ. इकाराची कळ शिफ्टसकट दाबली की इ. ज्या मुलाने पहिलीत बाराखडी म्हटली आहे, त्याला निम्मा कीबोर्ड आधीच येतो. आणि मुख्य म्हणजे आपल्या घरातल्या बहुतेक कीबोर्डांवर मराठी अक्षरं छापलेलीच नसतात. खाली बघून काही उपयोग नाही! एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपायचे आणि बोटांवर विश्वास ठेवायचा. मॅकगरिन करत होता ते हेच. न बघता टाइप करायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही, आणि नेमकी तीच आपण मुलांना दाखवत नाही.

पालक म्हणतात, मराठी टायपिंगचा उपयोग काय? एक म्हणजे बोटांना लागलेली शिस्त भाषा बघत नाही. बघायची सवय सुटलेलं मूल इंग्रजी मांडणीही लवकर उचलतं. दुसरं, सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतोच. पदवी हातात घेऊन, फी भरून टायपिंग क्लासला बसलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं तालुक्याच्या गावी जाऊन बघा. जे अकराव्या वर्षी पोपटाला कुरकुरे टोचायला लावून आलं असतं, ते ती परीक्षेच्या धाकाने शिकतात.

तुम्ही, हे फोनवर वाचणारे, वेगळं म्हणाल. टाइप करतंय कोण? रोमनमध्ये लिहितो, फोन मराठी करून देतो. नाहीतर बोलतो, तो लिहून घेतो. दोन्ही मीही वापरते, निरोपापुरतं उत्तम. पण रोमनमध्ये ट आणि त एकच, ल आणि ळ एकच, मन आणि मान एकच. कोणता शब्द तुम्हाला म्हणायचा होता हे पट्टीवरच्या सुचवण्यांतून निवडायचं, आणि ज्या मुलाचा शब्दसाठा अजून घडतोय ते समोर आलेला पहिला शब्द घेतं. बोलून लिहिण्याचं म्हणाल, तर तीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी निबंध बोलून बघा. आणि लिहिणं म्हणजे बोललेलं उतरवणं नव्हे. लिहिणं म्हणजे खोडणं, वाक्य उचलून वर नेणं, शब्द बदलून बघणं. ते हातानेच होतं.

यात पणाला काय लागलंय ते सांगते. पोपटाचं वाक्य करणारी ती मुलगी वहीत आजोळच्या विहिरीबद्दल दोन पानं लिहिते. इनस्क्रिप्ट येण्याआधी कम्प्युटरवर तेच लिहायला सांगितलं, तर रोमन लिपीत तीन ओळी आल्या. गोष्ट तीच, मुलगी तीच. उद्या तिचं बहुतेक लिखाण पडद्यावर होणार आहे. तिथे ती मराठीत तीनच ओळींची उरणार का दोन पानांची, हे आपण आत्ता ठरवतोय.

म्हणून शाळांना माझं सांगणं: गेम ठेवा, पण पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, आणि हातावर पंचा टाकून. शेजारी माणूस हवा, बोटं बघणारा. मग गेम बंद करून मुलांना लिहू द्या. काल कोण कसं आऊट झालं, मामाच्या गावची जत्रा, शेजारच्या कुत्र्याची तक्रार.

आणि तुमच्यातल्या कोड लिहिणाऱ्यांना: मला जे मराठी टायपिंग ट्यूटर सापडले ते परीक्षेला बसणाऱ्या मोठ्यांसाठी आहेत. मुलांसाठी एक करा. त्यात सुटी अक्षरं नकोत, शब्द हवेत. घड्याळ नको. चूक झाली तर पोपट तिथेच थांबला पाहिजे, आणि शेवटच्या पातळीवर कोरं पान उघडलं पाहिजे.