मोडीत निघणारी कारागिरी

२०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. अशा काळात घरात कार्य निघाले की जुने दागिने मोडून नवे करणे पगारदार कुटुंबाला ओघानेच भाग पडते. पेढीवर आजीच्या ठुशीचे वजन होते, कस लागतो, घट वजा होते. ती ज्या हातांनी घडविली त्यांच्या कौशल्याची किंमत मात्र शून्य धरली जाते. हा व्यवहार बेकायदा नाही. परंतु एक परंपरा त्यात निमूटपणे वितळत आहे.

कल्याणला तरी याचे विस्मरण होऊ नये. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत हे बंदर पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना परिचित होते. त्या काळच्या कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. त्याने घडविलेला एकही दागिना आज ओळखता येत नाही. त्याचे नाव टिकले ते पाषाणामुळे, सोन्यामुळे नव्हे.

सोन्याचे हे दुर्दैव केवळ आपल्याकडचे नाही. कोलंबसपूर्व अमेरिकेतील सोनार सोने व तांबे यांच्या मिश्रधातूपासून विलक्षण नाजूक वस्तू घडवीत. १५३३ मध्ये इंका सम्राट अताहुआल्पाच्या खंडणीतील अशा असंख्य वस्तू स्पॅनिश विजेत्यांनी वितळवून त्यांच्या लगडी केल्या. पुढे १९३९ मध्ये कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेने किंबाया लोकांचे एक प्राचीन सुवर्णपात्र विकत घेतले आणि ते न वितळवता जपले. बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयाचा आरंभ तेथून झाला. आज तेथील कारागीर त्या प्राचीन नमुन्यांवरून नवे दागिने घडवितात. तेथे वितळविणारे परके होते; येथे ते काम आपण स्वखुशीने करतो, एवढाच भेद.

त्या पात्राच्या ओतकामाची मेणाची रीत आपल्यालाही अपरिचित नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ती वर्णिली आहे. मेणाची आकृती, तीवर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. आजचे कारखानेही मेणच वापरतात; मात्र रबराच्या एका साच्यातून एकाच नक्षीच्या शेकडो मेणप्रती निघतात. दागिना स्वस्त पडतो, हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो साच्यातला माल ‘पारंपरिक घडण’ म्हणून खपविण्याला.

या प्रश्नाकडे शासनाने आजवर धातूच्या बाजूने पाहिले. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटची मर्यादा घातली आणि देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, २०२३ मध्ये सहा अक्षरांकांची ओळखखूणही सक्तीची झाली. त्यामुळे ग्राहकाची फसवणूक टळते, हे निःसंशय. परंतु ती खूण सोन्याची शुद्धता सांगते. दागिना हाताने घडला की यंत्राने, हे सांगत नाही. घडणावळ बहुधा भावाच्या टक्केवारीत वा ग्रॅममागे आकारली जाते. तिच्यातील किती वाटा कारागिराच्या पदरी पडला, हे ग्राहकाला कळत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सोनारांचा समावेश आहे; पण स्वस्त कर्जाने अवजारे येतील, गिऱ्हाइकाची पारख येणार नाही.

ती पारख निर्माण करण्यास मोठा खर्च लागत नाही. पावतीवर हातघडण की साचा, हे नोंदविण्याचे बंधन घालता येईल आणि हातघडणीच्या दागिन्यावर कारागिराची खूण उमटविता येईल. जुना दागिना मोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व वर्णन टिपून ठेवण्याचे काम स्थानिक संग्रहालये आणि महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. सोने पुन्हा विकत घेता येते. हातातली विद्या एकदा गेली की ती कोणत्याही भावाने मिळत नाही.