घराण्याचे कागद फक्त मोबाइलमध्ये आहेत? मग आधी हे वाचा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोन बातम्या आल्या. वरवर पाहिलं तर त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही.

पहिली आपल्याकडची. २ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटियरबद्दलचा शासन निर्णय काढला आणि मराठवाड्यात घरोघरी जुन्या कागदांची शोधाशोध पुन्हा सुरू झाली. दुसरी दक्षिण कोरियातली. २६ सप्टेंबरला डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा ठप्प झाल्या. त्यातल्या बहुतेक टप्प्याटप्प्याने परत सुरू झाल्या, पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवणारी 'जी-ड्राइव्ह' नावाची यंत्रणा जळाली ती जळालीच. तब्बल ८५८ टीबी डेटा गेला, कारण त्याचा बाहेर कुठेच बॅकअप नव्हता.

त्याच महिन्यात आमच्या घरातही एक छोटं 'डेजॉन' झालं. आरक्षण कोणाला मिळावं हा या लेखाचा विषय नाही. माझा विषय एवढाच: या निमित्ताने लाखमोलाचे कागद आपल्या मोबाइलमध्ये येऊन पडलेत, आणि ते टिकवायचे कसे हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

आमच्या घरात काय झालं?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तेव्हा माझे काका आणि बाबा तहसीलला चकरा मारत होते. चौथ्या चकरेला खासरा पत्रकाचं एक पान सापडलं. त्यावर पणजोबांचं नाव होतं, आडनाव नाही, फक्त नाव आणि 'वल्द' अमुक. काकांनी मोबाइलवर फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. विषय संपला.

दोन वर्षांनी तो फोटो हवा होता. काकांचा फोन मध्ये एकदा फुल झाला होता, तेव्हा त्यांनी गॅलरी साफ केलेली. "ग्रुपवर आहे की!" सगळेच म्हणाले. ग्रुपवर वर वर सरकत गेलो तर धूसर चौकोन दिसला. दाबला, डाउनलोड होईना. व्हॉट्सॲप तुमचे फोटो कायम सांभाळून ठेवत नाही. ते पोहोचवण्यापुरते सर्व्हरवर असतात, नंतर तुमच्या फोनमध्ये असतील तेवढेच. शेवटी आत्याच्या फोनमध्ये एक प्रत मिळाली. पण झूम केलं की अक्षरं फुटत होती आणि पानाचा क्रमांक फोटोत आलाच नव्हता. बाबांना पुन्हा तीन चकरा माराव्या लागल्या.

पान मिळालं. पण दुसरी एक गोष्ट मिळाली नाही.

२०२१ मध्ये मी आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. कोणाचा कोण, कोण कुठल्या गावाहून आलं, कोणाला दत्तक घेतलं, पणजोबांना गावात कोणत्या नावाने हाक मारायचे, असं चाळीस मिनिटं ती सांगत होती. २०२२ ला आजी गेली. जुना फोन देऊन नवीन घेताना मी फोटो हलवले, ऑडिओचं फोल्डर राहून गेलं. त्यातली सहा मिनिटं बहिणीला पाठवली होती म्हणून वाचली. मी ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे बॅकअप बघतो. त्यासाठीच मला पगार मिळतो!

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गूगल फोटोज किंवा आयक्लाउड चालू असलं की आपल्याला वाटतं, झालं, बॅकअप आहे. हे ॲप मुळात सिंक करतात, म्हणजे दोन्हीकडे सारखंच ठेवतात. त्यामुळे बॅकअप झालेला फोटो तुम्ही गूगल फोटोज ॲपमधून उडवला, तर तो क्लाउडवरूनही उडतो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो.

खरा बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. एका ठिकाणची चूक, चोरी किंवा आग दुसऱ्या प्रतीपर्यंत पोहोचता कामा नये. डेजॉनमध्ये नेमकं हेच नव्हतं. कर्मचाऱ्यांनी फाइल्स आपल्या कॉम्प्युटरवर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवायच्या, अशी तिथे पद्धत होती. शिस्त चांगली, पण सगळी अंडी एकाच टोपलीत.

फुकट जागेचे नियम बदलत राहतात

- गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी.
- अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो.
- दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं कंपनी बंद करून त्यातला डेटा पुसू शकते. हे डिसेंबर २०२३ पासून लागू झालं.

तिसरा मुद्दा आपल्या विषयात फार महत्त्वाचा. 'फक्त घराण्याच्या कागदांसाठी' म्हणून वेगळं ईमेल उघडलं आणि विसरून गेलात, तर ते खातं कागदांसकट जाऊ शकतं. खातं उघडा, पण वर्षातून एकदोनदा लॉगिन करा.

आधी काय वाचवायचं?

सगळं एकदम होणार नाही. म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट गेली तर जगात दुसरीकडे कुठे मिळेल का?

सातबारा पुन्हा मिळतो. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शाळेत असतो. कुणबी नोंदींची स्कॅन केलेली पानं अनेक जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर टाकली आहेत. हे परत मिळवायला त्रास होईल, पण मिळेल.

आजीचा आवाज, आजोबांनी वहीत लिहिलेली वंशावळ, फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेली नावं, घरच्या पेटीतला मोडी कागद, हे फक्त तुमच्याकडे आहे. त्याचा बॅकअप आज रात्री घ्या, बाकीच्याचा रविवारी.

आणि याला 'फक्त भावनेचा प्रश्न' समजू नका. जुन्या दप्तरात बऱ्याचदा आडनाव नसतं. तो 'तुकाराम वल्द रामा' आपलाच, हे जोडायला वंशावळ लागते. वंशावळीतली मधली नावं बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच माहीत असतात. रेकॉर्डिंग हा काही कायदेशीर पुरावा होत नाही, पण कोणतं नाव कोणत्या गावच्या दप्तरात शोधायचं हे त्यातूनच कळतं. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे जुन्या तारखा लागतात: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीचं जग आठवणारी माणसं आता किती उरली आहेत, ते तुमच्याच घरात मोजून बघा.

३-२-१, आपल्या घरच्या भाषेत

आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरी तो असा बसवा.

१. पहिली प्रत फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर, रोज वापरायची.

२. दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. लॅपटॉप नसेल तर ओटीजीने फोनला पेन ड्राइव्ह जोडा. पण फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षं बंद पडून राहिले तर त्यातला डेटा खराब होऊ शकतो. वर्षाला एकदा लावून फाइल्स उघडून बघा.

३. तिसरी क्लाउडवर. जमलं तर आणखी एक पेन ड्राइव्ह दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आमची एक प्रत आता नाशिकला आत्याच्या कपाटात आहे.

फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. लग्नाच्या फोटोला चालतं, पण फिकट शाईच्या मोडी अक्षराला नाही. एक बारीक रेघ गेली तरी वाचणारा अडतो.

वंशवृक्षाचं ॲप वापरत असाल तर त्यातून 'गेडकॉम' नावाची फाइल एक्स्पोर्ट करून ठेवा. ती साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे ॲप बंद पडलं तरी दुसऱ्या ॲपमध्ये उघडते. लक्षात ठेवा, तिच्यात नावं, तारखा आणि नाती येतात. फोटो सहसा येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात.

फोटोला पत्ता हवाच

आमची खरी चूक फक्त फोटो हरवण्याची नव्हती. फोटो कुठला, हेच कोणी लिहिलं नव्हतं. मोबाइलवरचा फोटो म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. कार्यालयातून शिक्क्याची नक्कल घ्यावीच लागते. पण ती मागायला पत्ता लागतो: कोणतं कार्यालय, कोणतं गाव, कोणतं पुस्तक किंवा पत्रक, कोणतं वर्ष, कितवं पान.

म्हणून एका कागदाचे तीन फोटो काढा: पुस्तकाचं मुखपृष्ठ, पूर्ण पान आणि आपल्या नोंदीचा जवळून फोटो. मग फाइलचं नाव बदला. 'आयएमजी ४४७१' असं नाव ठेवलं तर दहा वर्षांनी कोणाला काय कळणार? '१९३४ - खासरा पत्रक - गावाचं नाव - पान १२' असं ठेवा. ऑडिओलाही तसंच: कोण बोलतंय, कधी, कोणाबद्दल.

जपायचं म्हणजे उघडं टाकायचं नाही

या फोल्डरमध्ये आधार, जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, जमिनीचे गट क्रमांक, सगळं असतं. फसवणूक करणाऱ्याला आणखी काय हवं?

- ड्राइव्हची लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल' अशी ठेवू नका. नातेवाइकांचे ईमेल टाकून त्यांनाच परवानगी द्या.
- खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.
- शेअर करायचं असेल तर मास्क केलेलं आधार वापरा.
- व्हॉट्सॲपचा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो विसरलात तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

डिजिलॉकरबद्दल एक गैरसमज आहे. तिथे सरकारी खात्याने दिलेली कागदपत्रं मूळ कागदासारखी ग्राह्य असतात. तुम्ही स्वतः अपलोड केलेल्या फोटोला तो दर्जा नाही.

तुमच्यानंतर कोण?

लोखंडी पेटीची किल्ली कुठे असते ते घरात दोघांना तरी माहीत असायचं. ड्राइव्हचा पासवर्ड मात्र एकालाच माहीत असतो. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' अशी सोय आहे. ठराविक महिने तुमची काही हालचाल नसली, तर तुम्ही निवडलेल्या माणसांना तुमचा डेटा मिळतो. आयफोनवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. दोन्हींना दहा मिनिटं लागतात. मी बहिणीचं नाव टाकलंय.

बाकी राहिली तपासणी. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्यावर विसंबता येत नाही. आम्ही दिवस ठरवला आहे. दिवाळीच्या साफसफाईला कपाटातले कागद उन्हाला काढतो, तेव्हाच हार्ड डिस्कही लावायची आणि त्यातल्या पाच फाइल्स उघडून बघायच्या.

गेल्या दिवाळीला उघडलेली पहिली फाइल आजीची होती, तीच सहा मिनिटांची. शेवटी ती म्हणते, "थांब, तुझ्या पणजीच्या माहेरचं सांगते," आणि रेकॉर्डिंग संपतं. पणजीच्या माहेरचं आता सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आजीची धाकटी बहीण. वय ८४. पुढच्या शनिवारी मी तिच्याकडे निघालोय. फोन चार्ज आहे, आणि पेन ड्राइव्ह आधीच बॅगेत टाकलाय.