वाईट बातमी साहेबांपर्यंत पोहोचते का?

आरोग्य केंद्रात लसी ठेवण्याच्या फ्रिजजवळ एक वही असते. सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचे आणि त्या वहीत लिहायचे. मर्यादा २ ते ८ अंश सेल्सिअस. पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली की बाद. वितळल्यावर तिचा गुण परत येत नाही. अशी लस टोचली तर कार्डावर नोंद होते, आई निश्चिंत होते, पण बाळाला मिळायचे ते संरक्षण मिळत नाही.

समजा, एका सकाळी तापमान शून्याखाली गेलेले दिसले. सिस्टर वहीत काय लिहील? ते तिच्या प्रशिक्षणावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच तिच्या साहेबांवर. मागच्या वेळी खरे सांगितले म्हणून भर आढावा बैठकीत पाणउतारा झाला असेल, हाती ‘कारणे दाखवा’ नोटीस पडली असेल, तर ‘४ अंश’ लिहून मोकळे होण्याचा मोह होतोच. त्यामुळे नेतृत्वाची पद्धत हा फक्त कंपन्यांच्या मॅनेजरांचा विषय नाही. सरकारी दवाखान्यात तो रुग्णाच्या जिवाचा विषय आहे.

हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डात टीम चांगली, तिथे चुका कमी, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या! तिथल्या परिचारिका चूक लपवत नव्हत्या, उघड बोलत होत्या, हे त्यामागचे कारण असल्याचे पुढे दिसून आले. धाक असलेल्या वॉर्डात कागद स्वच्छ होता.

यासाठी हार्वर्डपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेक दलित कुटुंबांतल्या होत्या. त्या नेमाने जामखेडला जमत, आपापल्या गावात काय घडले, काय अडले ते सांगत. डॉक्टर ऐकत, शिकवत. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांना कामाला लावले ते नोटिशीच्या भीतीने नव्हे. आपल्याला काही येते आणि आपले कुणी ऐकते, या जाणिवेने त्या कामाला लागल्या.

तलवाड्याच्या परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेकरेही सोबत जातात आणि त्यांचे डोस राहतात. बैठकीत आशाताईंना ‘१०० टक्के झाले का?’ एवढेच विचारले, तर कागदावर १०० टक्के होते. ‘कोणाचे बाळ राहिले? कुठल्या कारखान्यावर गेले?’ असे विचारले, तर बाळाचा पत्ता लागतो आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करता येतो. बैठक तीच, आशाताई त्याच. साहेबांचा प्रश्न तेवढा बदलला.

याचा अर्थ सगळ्यांना मोकळे सोडावे असा नाही. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्यावर, ड्यूटीला दांडी मारणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण अडचण स्वतःहून सांगणारा आणि दडवणारा, दोघांना एकाच काठीने हाकले तर पुढच्या वेळी सांगणारा कुणी उरत नाही.

आणि नुसत्या कौतुकाने घर चालत नाही, हेही वरिष्ठांनी लक्षात ठेवावे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला; २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदला वाढावा म्हणून संप करावा लागला. वेळेवर मोबदला हा प्रेरणेचा पाया आहे. सन्मान त्यावर उभा राहतो, त्याची जागा घेत नाही.

सुरुवात मात्र उद्याच करता येईल, त्याला निधी लागत नाही. बैठकीतला पहिला प्रश्न ‘किती झाले?’ हा नको, ‘कुठे अडले?’ हा असावा. आणि उत्तर ऐकताना साहेबांचा आवाज चढू नये. दवाखाना असो, शाळा असो की साखर कारखाना, जिथे वरिष्ठांच्या कानावर सगळे चांगलेच पडते, तिथे काहीतरी झाकले जात आहे, असे खुशाल समजावे.