येणे सिद्ध कोणी करायचे?



साकोली तालुक्यात कुठल्याही गावी कर्जाचा विषय काढला, की एकच वाक्य ऐकू येते : "वहीत लिहून आहे, आता काय बोलायचे?" वही त्यांची, शाई त्यांची, आकडा त्यांचा, मान मात्र आमची खाली. धानावर तुडतुडा पडला तर आम्हाला पंचनामा लागतो, सातबारा लागतो, पटवाऱ्याचा दाखला लागतो. शेतकऱ्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही. मग सावकाराच्या, बँकेच्या, सोसायटीच्या आकड्याला ही किंमत आली कुठून?

दिवाणी कायद्यातून तर नाही. जो पैसे मागतो त्याने येणे सिद्ध करायचे, हा पुराव्याचा पहिला नियम. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ सांगत होते, की हिशेबाच्या वहीतली नोंद कोर्टापुढे ठेवता येईल, पण नुसत्या नोंदीवरून कोणाच्या डोक्यावर देणे बसवता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम कायम आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेंट्रल बँकेच्या प्रकरणात सांगितले, की शेतीकर्जाचे व्याज पिकाच्या फेऱ्याप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षानेच मुद्दलात मिळवता येईल. दंडव्याज तर मुळीच मिळवता येणार नाही. आपल्या किती खात्यांचा हिशेब असा तपासला गेला?

तपासला जात नाही, कारण आम्ही कोर्टात जातच नाही. समन्स येते, ते आम्ही आढ्याला खोचून ठेवतो. दिवाणी दाव्यात फौजदारीसारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवते एवढेच न्यायाधीश पाहतात. दाव्यातली जी गोष्ट स्पष्ट शब्दांत नाकारली नाही, ती कबूल धरली जाते. गैरहजर माणसाची बाजू संभवणार तरी कशी?

त्याहून घातक आमची सही. दर हंगामाला नवे-जुने करताना कोऱ्या कागदावर अंगठा देतो, गेल्या वर्षीचे व्याज नव्या मुद्दलात जाऊन बसते, आणि पुरावा आम्हीच पुरवतो. तीन वर्षांची मुदत संपण्याआधी शिल्लक कबुलीवर सही केली, की साध्या कर्जाची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता सहकाराकडे या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम १०१. दिवाणी दावा नाही, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. संस्थेने हिशेबाचा उतारा दिला, निबंधकाने त्याला योग्य वाटेल ती चौकशी केली, की दाखला निघाला. आणि हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा! वसुली जमीन महसुलासारखी. पुनरीक्षण मागायचे तर आधी निम्मी रक्कम भरा. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून दाखला निघाला, त्यानेच आधी पैसे भरायचे! दिवाणी कोर्टात जी वही एकटी पुरत नाही, ती इथे ब्रह्मवाक्य ठरते. याला आम्ही सहकार म्हणत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतकरी संघटनेने नादारीच्या अर्जांचा मार्ग धरला, तेव्हा शहाण्यांनी हसून घेतले. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा वाचलेला नव्हता. ऋणकोने स्वतः अर्ज केला तर देणे फेडण्याची ऐपत नाही हे प्रथमदर्शनी दाखवले तरी पुरते. उलट नादार ठरवल्यावर प्रत्येक धनकोला आपले येणे शपथपत्राने सिद्ध करावे लागते, आणि चुकीचे येणे कोर्ट कमी करू शकते, काढूनही टाकू शकते. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता आली खरी, पण साध्या कर्जदाराला तिचा व्यक्तींविषयीचा भाग अजून लागू केलेला नाही. मात्र भुलू नका : गहाणाचा किंवा बोज्याचा हक्क नादारीने सुटत नाही, आणि बाकी जमीन कोर्टाच्या ताब्यात जाते. बैल, नांगर, बियाणे वाचते.

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले, की खताचा गुण सिद्ध करायचा तर शेजारी बिनखताचा वाफा ठेवावा लागतो. गटसचिवाच्या वहीशेजारी आमचा वाफा कुठे आहे? धानाच्या चुकाऱ्यातून किती कापले, त्याची पावती कोणाच्या घरी आहे?

कलम १०१ मधले 'निर्णायक' आणि निम्म्या रकमेची अट, दोन्ही काढा, ही मागणी जिल्हा बैठकीत आम्ही मांडणार आहोत. येताना पासबुक, पावत्या, आलेल्या नोटिसा आणि सातबारा घेऊन या. १०१ ची नोटीस आली असेल तर बैठकीची वाट पाहू नका : तारखेला हजर राहा, खातेउतारा लेखी मागा, जो आकडा मान्य नाही तो लेखी नाकारा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.